वाळवंटाच्या काठावर देवमासे: मराठवाड्यातून छोट्या गटाने बाहा कॅलिफोर्नियाला जायचं तर

मेक्सिकोच्या वायव्येला बाहा कॅलिफोर्निया नावाचं सुमारे १२०० किलोमीटर लांबीचं चिंचोळं द्वीपकल्प आहे. मधला बराचसा भाग म्हणजे निवडुंग, खडक आणि मिठाची पांढरी मैदानं. पश्चिम किनाऱ्यावर पॅसिफिकचं पाणी काही ठिकाणी या वाळवंटात आत शिरून शांत झालं आहे. शाळेच्या भूगोलात याला खारकच्छ म्हणायचे. तिथे सगळे लगून म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द वापरू. करडे देवमासे दर हिवाळ्यात बेरिंग आणि चुकची समुद्रातून ८ ते १० हजार किलोमीटर पोहत या लगूनमध्ये येतात, विणीसाठी आणि पिल्लं वाढवण्यासाठी. इथल्या काही माद्या पिल्लासह आपणहून होडीला येऊन टेकतात.

समुद्र न पाहता वाढलेल्या माणसालाही ही सहल झेपते, कारण लगूनचं पाणी उघड्या समुद्रापेक्षा बरंच शांत असतं. फसते ती नियोजनात. आपल्याकडे सहल आखताना रोज नवीन गाव, नवीन हॉटेल अशी यादी होते. इथे तसं केलं की आठ दिवस गाडीत आणि दोन तास पाण्यावर असा हिशेब होतो. त्यात नेमकं धुकं किंवा वारा आला की तेही दोन तास गेले. म्हणून कुठे पैसे वाचवायचे आणि कुठे नाही असा प्रश्न आला, की लगूनच्या काठावरच्या मुक्कामाला हात लावू नका. बाकी काहीही कापा.

कोणतं लगून

ओहो दे लिएब्रे हे गेरेरो नेग्रो गावाजवळचं. सर्वांत जास्त पिल्लं इथेच जन्मतात. गावात साधी, स्वच्छ हॉटेलं आहेत, एटीएम आहे, छोटा दवाखाना आहे. होडीच्या धक्क्यापर्यंत मिठागरांमधून कच्च्या रस्त्याने जावं लागतं. गटात साठीच्या पुढची माणसं असतील आणि तंबूत राहणं नको असेल, तर हे बरं.

सान इग्नासिओ लगून गेरेरो नेग्रोहून दक्षिणेला. आधी सुमारे १४५ किलोमीटरवर सान इग्नासिओ हे खजुराच्या बनातलं छोटं गाव, आणि तिथून लगून आणखी ६० किलोमीटर आत. काठावर तंबूंचे किंवा लाकडी खोल्यांचे कॅम्प आहेत. देवमासे होडीशी सर्वांत मोकळे वागतात ते इथे, आणि नियमही इथेच सर्वांत काटेकोर पाळले जातात. निरीक्षणाच्या पट्ट्यात एका वेळी १६ होड्याच जाऊ शकतात आणि एका होडीला साधारण दीड तास मिळतो. सतरावी होडी सीमेवर थांबून राहते. आमच्या मते पहिली पसंती हीच.

तिसरं माग्दालेना उपसागर. ला पास शहरापासून तीन-साडेतीन तासांवर पुएर्तो लोपेस मातेओस आणि सान कार्लोस ही गावं आहेत. अमेरिकेत मुलांकडे गेलेलेच आहात आणि चार दिवस मोकळे आहेत, अशांनी हे धरावं. लांब अरुंद खाडीत देवमासे कधीकधी किनाऱ्यावरूनही दिसतात.

केव्हा जायचं

परवानगीचा हंगाम १५ डिसेंबर ते १५ एप्रिल. जानेवारीत नर-माद्या आणि नुकतीच जन्मलेली पिल्लं असतात, पण आया पिल्लांना होडीपासून लांब ठेवतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत पिल्लं अंगाने भरलेली, खोडकर होतात आणि आयाही सैलावतात. हाच काळ निवडा. मार्च संपता संपता बरेच देवमासे उत्तरेला निघालेले असतात.

एक गोष्ट गटातल्या सगळ्यांना आधीच सांगा. २०१६ च्या सुमारास या करड्या देवमाशांची संख्या २७ हजारांच्या घरात होती. २०२५ च्या अंदाजात ती १३ हजारांच्या आसपास आली. आर्क्टिककडच्या समुद्रात त्यांचं खाणं कमी पडत असल्याने बरेच देवमासे उपाशी, वाळलेले येतात आणि पिल्लंही कमी जन्मतात. त्यामुळे जुन्या व्हिडिओत दिसतात तितक्या मायलेकरांच्या जोड्या दिसतीलच असं नाही. फेऱ्या जास्त घ्यायचं हेही एक कारण.

किती जण

सहा ते आठ. तिथली होडी म्हणजे पांगा: फायबरची, सात मीटरच्या आसपास लांब, मागे बाहेरून लावलेलं इंजिन, बसायला आडव्या फळ्या, वर छत नाही. दहा जण बसतात, पण मग देवमासा एका बाजूला आला की दुसऱ्या बाजूच्यांना समोरच्यांच्या पाठी दिसतात. सहा जण असले की प्रत्येकाला काठ मिळतो. शिवाय आठ माणसं सामानासह एका मोठ्या व्हॅनमध्ये मावतात. नववा माणूस आला की दुसरी गाडी आणि दुसरा ड्रायव्हर.

दर मागवताना माणशी किती एवढंच विचारू नका. हे विचारा: एकूण फेऱ्या किती? प्रत्येक फेरीत निरीक्षणाच्या पट्ट्यात किती वेळ? एका पांग्यात कमाल किती जण? मुक्काम लगूनवर की गावात? वाऱ्यामुळे फेरी रद्द झाली तर बदली मिळते की पैसे? चार फेऱ्यांपेक्षा कमी देणारा कार्यक्रम इतक्या लांबच्या प्रवासाला पुरत नाही.

व्हिसा आणि कागदपत्रं

तयारी दहा-बारा महिने आधी सुरू करा, आणि अमेरिकेचा व्हिसा हाती येईपर्यंत परत न मिळणारा एकही रुपया कुठे भरू नका. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. तिकीट काढण्याआधी मेक्सिकोच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर हा नियम पुन्हा बघून घ्या. अमेरिकेचा व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा हवा, कारण परतताना पुन्हा तिथूनच यायचं आहे.

मुलाखत मुंबईला होते आणि बोटांचे ठसे द्यायला वेगळा दिवस लागू शकतो. नांदेड, जालना, लातूरकडून जाणाऱ्यांनी रात्रीच्या गाडीने थेट मुलाखतीला उतरू नये. आदल्या दिवशी मुंबईत असावं. गाडी दोन तास उशिरा आली म्हणून मुलाखत हुकली, तर पुढची तारीख काही महिन्यांनंतरची मिळू शकते. शेतकरी कुटुंबांनी सातबारा, बँकेचं खातेपुस्तक, आयकर विवरणपत्र असं सगळं एका फायलीत लावून न्यावं. मागतीलच असं नाही, पण विचारलं तर शोधाशोध नको.

जमिनीवरून मेक्सिकोत शिरताना एक चूक फार होते. सीमेवर हिरवा दिवा लागतो, कोणी अडवत नाही आणि गाडी सरळ पुढे निघून जाते. पासपोर्टवर शिक्का पडत नाही. तो आपणच थांबून, कार्यालयात जाऊन घ्यायचा असतो. रस्त्यात लष्कराच्या तपासणी चौक्या आहेत, आणि मागितला तर तो शिक्का दाखवता यायला हवा.

निघण्याआधीचा सराव

हे कोणी सांगत नाही, पण याने फरक पडतो. जानेवारीत एका पहाटे सगळा गट पैठणला नाथसागरावर घेऊन जा. दुर्बीण सोबत. उत्तरेकडून आलेली बदकं, पट्टकादंब पाण्यावर असतात. नुसत्या डोळ्यांनी पक्षी हेरायचा आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्याला लावायची. पहिल्यांदा सगळ्यांना आभाळच दिसतं. दहा-पंधरा वेळा केलं की जमतं. देवमाशाचा फवारा दोन-तीन सेकंदांत विरतो; दुर्बीण शोधण्यात तेवढा वेळ गेला की संपलं.

दुर्बीण ७ किंवा ८ पटीची घ्या. १० पटीची हलत्या होडीत इतकी थरथरते की डोकं दुखतं.

दुसरा सराव गुडघ्यांचा. ओहोटीच्या वेळी पांगा काठाला लागत नाही. पोटरीभर पाण्यातून चालत जाऊन, मांडीइतक्या उंचीच्या कडेवरून पाय आत टाकावा लागतो. घरातल्या दिवाणाच्या कडेवरून, कशाचाही आधार न घेता, एक-एक पाय पलीकडे टाकून बघा. जमत नसेल तर आधीच कळवा; पायरीची सोय बहुतेक ठिकाणी करतात.

प्रवास आणि घड्याळाचा घोळ

मुंबईहून एका थांब्याने लॉस एंजेलिस किंवा सान दिएगो. तिथून दोन रस्ते. एक, सीमा ओलांडून तिहुआनाहून महामार्ग क्रमांक १ ने दक्षिणेला: एन्सेनादा, सान किंतीन, एल रोसारिओ, कातावीन्या, गेरेरो नेग्रो. सुमारे ७०० किलोमीटर. दोन दिवस धरा आणि मध्ये सान किंतीनला मुक्काम करा. दुसरा, विमानाने लोरेतो किंवा ला पासला उतरून तिथून गाडीने. लोरेतोहून सान इग्नासिओ गाव सुमारे २७० किलोमीटर. पाठीचं दुखणं असेल तर दुसरा रस्ता घ्या. पहिल्यात मात्र वाळवंट बघायला मिळतं: पंधरा-पंधरा मीटर उंच कार्दोन निवडुंग, आणि सिरिओ नावाचं उलट्या गाजरासारखं झाड.

एल रोसारिओ सोडलं की पुढे ३०० किलोमीटरहून जास्त अंतर खात्रीचा पेट्रोल पंप नाही. कातावीन्यात पिंपातून पेट्रोल विकतात, पण त्यावर विसंबू नका. टाकी काठोकाठ भरून निघा. या पट्ट्यात मोबाइललाही बहुतेक ठिकाणी रेंज नसते. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर इकडे काळजीने सगळे जागे राहतात. रात्री गाडी चालवायची नाही. रस्त्याला साइडपट्टी नाही आणि गुरं डांबरावर येऊन बसतात. स्थानिक ड्रायव्हरसह गाडी घेणं उत्तम. स्वतः चालवणार असाल तर मेक्सिकोत चालणारा वेगळा विमा लागतो, आणि अमेरिकेतली भाड्याची गाडी सीमेपलीकडे न्यायला कंपनीची लेखी परवानगी लागते.

आता घड्याळ. गेरेरो नेग्रोजवळ २८ अंश उत्तर अक्षांशावर दोन राज्यांची सीमा आहे आणि तिथेच वेळ बदलते. दक्षिणेला जाताना घड्याळ एक तास पुढे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी उत्तरेकडच्या राज्यात उन्हाळी वेळ सुरू होते आणि हा फरक मिटतो. फेब्रुवारीत सीमेच्या उत्तरेला मुक्काम करून सकाळी आठची होडी धरायला निघालात, तर तिथे नऊ वाजलेले असतात. दक्षिणेकडची वेळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे: संभाजीनगरला दुपारचे बारा, तेव्हा लगूनवर आदल्या रात्रीचे साडेअकरा. झोपेचं चक्र पूर्ण उलटतं, म्हणून पोहोचल्यानंतरचा पहिला दिवस होडीसाठी ठेवू नका.

अंगावर काय, पिशवीत काय

वाळवंट म्हटल्यावर लोक सुती कपडे भरतात. चूक. इथला समुद्र थंड आहे, सकाळी धुकं असतं, आणि पळत्या होडीत वारा हाडापर्यंत जातो. आत पातळ गरम बनियन, त्यावर स्वेटर, त्यावर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. कानटोपी हवीच, नुसती टोपी उडते. दहा वाजता ऊन चढलं की एकेक थर काढायचा. साडी किंवा ओढणी नको, ट्रॅक पँट किंवा पायजमा बरा. पायात गमबूट किंवा लवकर वाळणारे सँडल.

बांगड्या आणि अंगठ्या मुक्कामीच काढून ठेवा. फुटलेली काच किंवा अंगठीची कड देवमाशाच्या कातडीला ओरखडा काढते, आणि त्याच्या अंगावरच्या कठीण शिंपल्यांत अडकून आपलं बोटही सोलतं. मंगळसूत्र कपड्याच्या आत. हाताला सनस्क्रीन, क्रीम, अत्तर काही नको. चेहऱ्याला लावायचं तर होडीत चढण्याच्या तासभर आधी लावून हात साबणाने धुवा.

रक्तदाब, साखरेच्या गोळ्या दुप्पट घ्या आणि दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं त्यांना मेक्सिकोत बंदी आहे. घरच्या डब्यातल्या गोळ्यांची पाकिटं नीट वाचा. विमा घेताना रुग्णाला विमानाने मोठ्या शहरात हलवण्याचा खर्च त्यात आहे ना, ते बघा. मोठं रुग्णालय खरोखरच दूर आहे.

कॅमेऱ्याला मोठी लेन्स लागते हा समज इथे उपयोगाचा नाही. देवमासा होडीला टेकला की ६०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये नुसतं करडं काहीतरी दिसतं. ७०-२०० पुरे, आणि जवळचं सगळं मोबाइलवर. मोबाइलला गळ्यातली दोरी लावा. ड्रोन नेऊ नका.

जेवण

मक्याची तोर्तिया भाकरी खाणाऱ्याला लगेच जवळची वाटते; चुन्याच्या पाण्यात उकडलेला मका वाटून ती थापतात. पण शाकाहारी आणि माळकरी मंडळींनी सावध असावं. घोटलेल्या घेवड्यात, म्हणजे फ्रिहोलेसमध्ये, बऱ्याचदा डुकराची चरबी असते. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. मैद्याच्या तोर्तियातही चरबी असू शकते, म्हणून मक्याचीच मागा. ‘सिन कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय, पण ऐकणारा कोंबडी आणि मासे त्यात धरत नाही. पूर्ण म्हणा: सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मांतेका. मांतेका म्हणजे चरबी. हेच कॅम्पला महिनाभर आधी लिहून कळवा; लगूनवर दुकान नाही, जे ठरलं तेच शिजतं.

सोबत शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजणी असं कोरडं, भाजलेलं न्या, सीलबंद पाकिटात आणि चेक-इन बॅगेत. कच्चं धान्य, बी-बियाणं, ताजी फळं, मांस नको. अमेरिकेत उतरताना फॉर्मवर किंवा तोंडी खाद्यपदार्थ आहेत असं सांगायचं. सांगितलं की बहुतेक वेळा बघून सोडतात. लपवलं की दंड होऊ शकतो.

कॅम्पवर गोडं पाणी टँकरने येतं. आंघोळीला माणशी एक छोटी बादली मिळते. उन्हाळ्यात टँकरची वाट बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

होडीवर

सकाळची पहिली फेरी घ्या. दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो, पाणी उसळतं, आणि फवारे पांढऱ्या लाटांत हरवतात. निघण्याच्या तासभर आधी हलकं खा. नुसत्या चहावर जाणाऱ्यालाच आधी मळमळतं. गाडी लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आदल्या दिवशीच ठरवा आणि तासभर आधी घ्या. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. पांग्यावर शौचालय नसतं. जाऊन-येऊन अडीच तास धरा.

पाठदुखी असलेल्यांनी मागच्या भागात बसावं, कारण पुढचं टोक आपटतं. जीवरक्षक जाकीट बांधून घ्या, पट्टा स्वतः ओढून बघा.

पट्ट्यात शिरल्यावर होडीवाला वेग अगदी कमी करतो. आता बघायचं ते फवाऱ्यासाठी. करड्या देवमाशाला दोन नाकपुड्या आहेत, त्यामुळे समोरून किंवा मागून फवारा बदामाच्या आकाराचा दिसतो, तीन-चार मीटर उंच. पाठीवर पंख नसतो. त्याजागी शेपटीकडे जाणारी गाठींची रांग असते. तीन ते पाच वेळा श्वास घेतो, मग शेपूट वर काढून खोल जातो आणि तीन ते पाच मिनिटं दिसत नाही. तो गेला तिथे पाण्यावर तेल सांडल्यासारखा गुळगुळीत गोल राहतो. अशा गोलांची ओळ दिसली की तो कोणत्या दिशेला चालला आहे ते कळतं.

होडीवाल्याला ‘अजून जवळ घ्या’ म्हणू नका. समोरून जायचं नाही, आई आणि पिल्लाच्या मध्ये शिरायचं नाही, मागे लागायचं नाही. बाजूने, त्यांच्याच वेगाने जायचं आणि थांबायचं. यायचं असेल तर ती येते. १८५७ मध्ये देवमाशांची शिकार करणारा अमेरिकन कप्तान चार्ल्स स्कॅमन ओहो दे लिएब्रेत शिरला आणि त्यानंतर याच लगूनमध्ये शिकारी होड्यांनी मायलेकरांना घेरून मारलं. पिल्लासाठी आया होड्या फोडायच्या, म्हणून शिकारी त्यांना सैतान-मासा म्हणत. १९७२ मध्ये सान इग्नासिओत पाचिको मायोराल या कोळ्याच्या होडीला एक देवमासा येऊन टेकला आणि त्याने भीतभीत हात लावला. आज ज्या माद्या पिल्लाला होडीकडे आणतात, त्यांच्या मागे हा सगळा इतिहास आहे. जवळ येणं त्यांच्या मर्जीचं आहे आणि ते तसंच राहिलं पाहिजे.

आली की सगळे एका बाजूला धावतात. हीच सर्वांत धोक्याची वेळ. आधीच जोड्या ठरवा: एका वेळी दोघं काठाशी, बाकीचे बसलेले, दोन मिनिटांनी बदल. पिल्लू जन्मतः साडेचार मीटरचं, म्हणजे पांग्याच्या निम्म्याहून जास्त. आई तेरा-चौदा मीटर, होडीच्या जवळपास दुप्पट. ती खालून सरकते तेव्हा पाणी आधी गडद होतं, मग पांढरे डाग दिसतात. आवाज खाली ठेवा. हात पाण्यात हळू हलवायचा, झडप घालायची नाही. डोळा, नाकपुडी आणि शेपूट यांना स्पर्श नाही. कातडी सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी लागते, आणि तोंडावर प्रत्येक खळगीत एकेक राठ केस असतो.

अंगावर फवारा आला तर कॅमेरा लगेच गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसा. कोरड्या कपड्याने पुसलं तर मिठाचे कण लेन्स खरवडतात. दुर्बिणीलाही तेच. संध्याकाळी सगळ्या चेन आणि बिजागऱ्या ओल्या फडक्याने पुसून काढा, नाहीतर परतीच्या वाटेवरच त्या जाम होतात.